सॉफ्टवेअर-रेडिओ ग्राही, गृहनिर्मित : अतिउच्च कंप्रतेसाठी चिपांची निवड

रेडिओ तरंगांतून संदेश वेगळा काढण्याचे कार्य पूर्वी निर्वात नलिका, ट्रँझिस्टर, वेटोळी व धारित्रे यांच्या मंडलांकडून करवून घेतले जाई. यातील बहुतांश कार्य ज्या ग्राहीत अंकीय गणिताने, म्हणजे संगणकावरील आज्ञावलीने केले जाते, त्यास ‘सॉफ्टवेअर-रेडिओ ग्राही’ असे म्हणतात. अशा ग्राहीतही आकाशकापासून संगणकापर्यंतचा काही मार्ग विद्युत् मंडलांचाच असतो. तेवढ्या मार्गासाठी कोणत्या चिपा म्हणजे संकलित मंडले घ्यावयाची, हा स्वतःच्या हाताने ग्राही बांधणाऱ्या हौशी व्यक्तीपुढील मुख्य प्रश्न होय. ३० ते ३०० मेगॅहर्ट्झ या अतिउच्च कंप्रतेच्या (व्हीएचएफ) पट्ट्यात तो विशेष बिकट ठरला. या पट्ट्यासाठी हौशी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून चिपा क्वचितच तयार झाल्या. दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी, ध्वनिमुद्रण व संगणक या उद्योगांसाठी निघालेल्या चिपांतूनच त्याला निवड करावी लागली. म्हणून या ग्राहींचा इतिहास हा बव्हंशी दुसऱ्यांसाठी केलेल्या चिपांच्या पुनरुपयोगाचा इतिहास आहे.

तत्त्व : एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये योजिलेल्या सुपरहेटरोडाइन ग्राहीत आलेली कंप्रता स्थानिक आंदोलकाच्या कंप्रतेशी मिश्रकात मिसळली जाते व तीपासून ठराविक मध्य कंप्रता मिळविली जाते. या पद्धतीत हव्या असलेल्या कंप्रतेबरोबरच तिची प्रतिमा कंप्रताही आत शिरते आणि ती छानकाने अडवावी लागते. सॉफ्टवेअर-रेडिओत बहुधा दोन मिश्रक वापरतात व त्यांना पुरविलेल्या आंदोलनांच्या कलांमध्ये ९०° अंतर ठेवतात. यांतून मिळणाऱ्या दोन प्रवाहांना ‘आय’ व ‘क्यू’ अशी अक्षरे रूढ आहेत. दोन्ही प्रवाहांचे नमुने सदृश-अंकीय परिवर्तकाने घेतले, म्हणजे मध्यबिंदूच्या वरच्या व खालच्या कंप्रता गणिताने वेगळ्या करता येतात. मग ध्वनी कंप्रता विरूपणाने पाठविलेला असो, परमप्रसर विरूपणाने असो की एका पार्श्वपट्ट्याने असो, ग्राही तोच राहतो व केवळ आज्ञावली बदलते.

नमुनाग्रहणाचे गणित १९२८ मधील हॅरी नायक्विस्ट यांच्या व १९४९ मधील क्लॉड शॅनन यांच्या निबंधांतून प्रस्थापित झाले होते. तथापि ते रेडिओत वापरण्याइतके जलद परिवर्तक व संगणक उपलब्ध होण्यास आणखी चार-पाच दशके जावी लागली. जोसेफ मिटोला यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही संकल्पना निबंधरूपाने मांडली. त्या काळी तिचा उपयोग मुख्यतः अमेरिकेच्या लष्करी प्रकल्पांत होत होता.

अतिउच्च कंप्रतेच्या विशेष अडचणी : या पट्ट्यात ८८ ते १०८ मेगॅहर्ट्झ दरम्यान कंप्रता विरूपित ध्वनिक्षेपण, ११८ ते १३७ मेगॅहर्ट्झ दरम्यान वैमानिकांचे संभाषण, १३७ मेगॅहर्ट्झच्या आसपास हवामान उपग्रह, १४४ ते १४६ मेगॅहर्ट्झमध्ये हौशी केंद्रे आणि १५६ मेगॅहर्ट्झपासून पुढे सागरी नौकांचे संदेशवहन चालते. लघुतरंगांच्या पट्ट्यात वातावरणातील गोंगाट इतका असतो की, ग्राहीचा स्वतःचा गोंगाट थोडा अधिक झाला तरी बिघडत नाही. कंप्रता वाढते तसा बाहेरील गोंगाट कमी होतो आणि पहिल्या विवर्धकाचा व मिश्रकाचा गोंगाट निर्णायक ठरतो. उलट बाजूस, शहरात ध्वनिक्षेपण केंद्राचे किलोवॉट शक्तीचे प्रेषक जवळच असतात. क्षीण उपग्रह ऐकण्याइतका संवेदनशील आणि शेजारच्या प्रेषकाने न दडपणारा असे दोन्ही गुण एकाच ग्राहीत आणणे, हे या पट्ट्यातील निवडीचे मर्म होय.

ध्वनिपत्राचा कालखंड : हौशी वर्तुळात सॉफ्टवेअर-रेडिओ रुजविण्याचे श्रेय बव्हंशी जेराल्ड यंगब्लड यांच्या लेखमालेकडे जाते. अमेरिकेतील ‘क्यूईएक्स’ या नियतकालिकात ती २००२-०३ मध्ये चार भागांत प्रसिद्ध झाली. वैयक्तिक संगणकातील ध्वनिपत्र म्हणजे साउंड कार्ड हा स्वस्त व उत्तम परिवर्तकच आहे, हे त्यांनी ओळखले. मिश्रक म्हणून त्यांनी डॅन टेलो यांचा स्विच-शोधक वापरला. या शोधकात एक जलद इलेक्ट्रॉनीय स्विच आलेला संदेश प्रत्येक आवर्तनात क्रमाने चार धारित्रांवर सोडतो आणि त्यांतून आय व क्यू प्रवाह मिळतात. त्यासाठी लागणारे स्विच मुळात संगणकातील माहितीचे मार्ग बदलण्यासाठी अथवा चित्रसंदेशांची निवड करण्यासाठी तयार झालेले होते. २००५ पासून प्रसृत झालेल्या ‘सॉफ्टरॉक’ या स्वस्त जुळणी-संचात एफएसटी ३२५३ हा असाच स्विच होता.

ही युक्ती अतिउच्च कंप्रतेला सहज लागू पडत नाही. या शोधकाला नेहमीच्या मांडणीत ग्रहण कंप्रतेच्या चौपट कंप्रतेचे स्पंद लागतात. ७ मेगॅहर्ट्झसाठी ती २८ मेगॅहर्ट्झ होते, तर १४४ मेगॅहर्ट्झसाठी ५७६ मेगॅहर्ट्झ. शिवाय १४४ मेगॅहर्ट्झच्या एका आवर्तनास सु. ६.९ नॅनोसेकंद लागतात व त्याचा चौथा भाग जेमतेम १.७ नॅनोसेकंद भरतो. अशा स्विचला उघडझाप करण्यासच काही नॅनोसेकंद लागत असल्याने तो येथे निरुपयोगी ठरतो.

यातून दोन मार्ग निघाले. पहिला जुनाच होता. ११६ मेगॅहर्ट्झच्या स्फटिक आंदोलकाशी मिसळून १४४ ते १४६ मेगॅहर्ट्झचा पट्टा २८ ते ३० मेगॅहर्ट्झवर उतरवावयाचा आणि तेथे लघुतरंगांचा सॉफ्टवेअर-रेडिओ लावावयाचा. मिश्रक म्हणून एनई ६०२ व तिची उत्तराधिकारी एसए ६१२ ही चिप हौशी लोकांत फार लोकप्रिय होती. बॅरी गिल्बर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा संतुलित मिश्रक व आंदोलक हे दोन्ही तीत असून ती अवघे २.४ मिलिअँपिअर प्रवाह घेते व संदेशाचे विवर्धनही करते. मात्र तीव्र संदेशांपुढे तिची रेषीयता लवकर ढळते. याउलट चार डायोडांच्या कड्याचा एसबीएल-१ सारखा मिश्रक संदेशाची सु. तीन चतुर्थांश शक्ती गमावतो व आंदोलकाकडून सु. ५ मिलिवॉट शक्ती मागतो, पण तीव्र संदेश पुष्कळच सहन करतो. गावाबाहेर राहणाऱ्यास पहिली चिप पुरेशी असे, तर महानगरात राहणाऱ्यास दुसरा मार्ग पतकरावा लागे.

दुसरा मार्ग दोन मिश्रक एकाच चिपेत असलेल्या चतुर्थांशकला-विमोचकांचा होता. ॲनलॉग डिव्हायसेस या कंपनीची एडी ८३४८ ही चिप ५० ते १,००० मेगॅहर्ट्झपर्यंत, तर लिनिअर टेक्नॉलॉजीची एलटी ५५१७ ही चिप ४० ते ९०० मेगॅहर्ट्झपर्यंत काम करते. दोहोंतही दुप्पट कंप्रतेचे आंदोलन आत घेऊन ते दोनाने भागले जाते व त्यातून ९०° चे कलांतर अचूक मिळते. मूलतः संदेशवहनाच्या व्यावसायिक उपकरणांसाठी निघालेल्या या चिपांनी हौशी बांधणाऱ्याचे कलासंतुलनाचे कष्ट वाचविले. त्याबरोबर आंदोलकाचा प्रश्न मात्र पुढे आला. १४४ मेगॅहर्ट्झसाठी २८८ मेगॅहर्ट्झचे आंदोलन लागते. सिलिकॉन लॅबोरेटरीजची एसआय ५३५१ ही स्वस्त चिप अधिकृतपणे २०० मेगॅहर्ट्झपर्यंतच जाते. त्यामुळे एसआय ५७० अथवा ३५ मेगॅहर्ट्झपासून ४.४ गिगॅहर्ट्झपर्यंत जाणारी एडीएफ ४३५१ घेणे भाग पडते.

दूरचित्रवाणीच्या चिपांचा प्रवेश : अंकीय दूरचित्रवाणी संच विस्तृत कंप्रता-पल्ल्यात मेळ साधणाऱ्या छोट्या चिपांवर अवलंबून असतो. हौशी संशोधकांच्या हे लक्षात आल्यावर निवडीचे स्वरूपच पालटले. मॅट एटस यांनी २००४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या यूएसआरपी या संचासाठी दूरचित्रवाणीच्या मेलकावर आधारलेले एक उपपत्र उपलब्ध होते. त्याच्या सोबतीला एरिक ब्लॉसम यांनी २००१ मध्ये आरंभिलेली ‘जीएनयू रेडिओ’ ही मुक्त आज्ञावली होती. ब्रिटनमधील उपग्रहप्रेमी हौशींच्या संघटनेने शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘फनक्यूब’ हा उपग्रह योजिला आणि त्याच्या ग्रहणासाठी हॉवर्ड लाँग यांनी २०१० मध्ये एक लहानसा ग्राही तयार केला. त्यात स्कॉटलंडमधील एलॉनिक्स कंपनीची ई ४००० ही मेलक-चिप होती. तो संगणकाला ध्वनिपत्रासारखाच भासे व सेकंदाला ९६,००० नमुने देई. फनक्यूब-१ हा उपग्रह २१ नोव्हेंबर २०१३ रोजी अवकाशात गेला.

खरी क्रांती मात्र एका उद्योगाच्या अनवधानाने उरलेल्या सोयीमुळे घडली. तैवानमधील रिअलटेक कंपनीची आरटीएल २८३२ यू ही चिप संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्याच्या स्वस्त जोडणीत वापरली जाई. ती चिप न उलगडलेले ८ बिटांचे आय व क्यू नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे आंटी पालोसारी यांच्या २०१२ च्या आरंभीच्या निरीक्षणातून उघड झाले व ऑस्मोकॉम या गटातील कार्यकर्त्यांनी तिच्यासाठी मुक्त आज्ञावली लिहिली. ही सोय मुळात ध्वनिक्षेपण ऐकविण्यासाठी ठेवलेली होती. सेकंदाला सु. २४ लाख नमुने विनाखंड देणारा ग्राही त्यामुळे अत्यल्प किमतीत कोणाच्याही हाती आला.

त्यानंतर निवड होऊ लागली ती आरटीएल चिपेची नव्हे, तर तिच्या शेजारी बसविलेल्या मेलक-चिपेची. वरून सारख्या दिसणाऱ्या जोडण्यांत भिन्न मेलक असत. एफसी २५८० या चिपेचा पल्ला १४६ मेगॅहर्ट्झपासून सुरू होतो. त्यामुळे ध्वनिक्षेपण, विमाने, हवामान उपग्रह व १४४ ते १४६ मेगॅहर्ट्झचा हौशी पट्टा हे सर्व तिच्या आवाक्याबाहेर राहतात आणि पुढे ३०८ ते ४३८ मेगॅहर्ट्झदरम्यानही तिच्या पल्ल्यात खंड पडतो. एफसी ००१२ चा पल्ला २२ ते ९४८ मेगॅहर्ट्झ आहे. ई ४००० व्यवहारात ५२ मेगॅहर्ट्झपासून सु. २,२०० मेगॅहर्ट्झपर्यंत जाई, मात्र मध्ये १,१०० च्या पुढे तिच्यात पोकळी असे. ती संदेश सरळ शून्य कंप्रतेवर आणीत असल्याने पट्ट्याच्या मध्यभागी एकदिश विद्युत् दाबामुळे खोटा संदेश दिसे. रफाएल मायक्रो या तैवानी कंपनीची आर ८२० टी ही चिप २४ ते १,७६६ मेगॅहर्ट्झचा पल्ला देते व सु. ३.५७ मेगॅहर्ट्झची मध्य कंप्रता वापरते, म्हणून तिच्यात हा दोष नसतो. एलॉनिक्सचा व्यवसाय २०१२ मध्ये बंद पडल्यावर ई ४००० दुर्मिळ झाली व आर ८२० टी ही हौशी व्हीएचएफ ग्राहींची जणू प्रमाण चिप बनली. २०१४ नंतरच्या एअरस्पाय ग्राहीत तिचीच सुधारित आवृत्ती १२ बिटांच्या परिवर्तकाशी जोडलेली आढळते. पुढे तिचाही पुरवठा संकोचला आणि २०२३ मधील एका प्रचलित जोडणीत तिच्या जागी आर ८२८ डी ही तीन प्रवेशमार्गांची चिप आली.

थेट नमुनाग्रहण : परिवर्तक पुरेसा जलद असेल, तर मिश्रकाची गरजच उरत नाही. २००५-०६ पासून आकारास आलेल्या ‘एचपीएसडीआर’ या सामूहिक हौशी प्रकल्पातील ‘मर्क्युरी’ पत्रात एलटीसी २२०८ हा १६ बिटांचा परिवर्तक १२२.८८ मेगॅहर्ट्झ वेगाने नमुने घेतो. तो मुख्यतः लघुतरंगांसाठी असला, तरी त्याच्या प्रवेशाची पट्टारुंदी ७०० मेगॅहर्ट्झ असल्याने त्याला अतिउच्च कंप्रताही कळते. १४४ ते १४६ मेगॅहर्ट्झचा पट्टा अशा नमुनाग्रहणात २१.१२ ते २३.१२ मेगॅहर्ट्झ असा खाली दुमडलेला आढळतो. त्यासाठी अगोदर उत्तम पट्टाछानक बसविणे अनिवार्य असते, अन्यथा इतर कंप्रताही त्याच जागी येऊन पडतात. नमुना घेण्याच्या क्षणातील अनिश्चिततेला येथे मोठे महत्त्व येते. स्पंदात एक पिकोसेकंद इतकी चलबिचल असली, तरी १४४ मेगॅहर्ट्झला संदेश-गोंगाट गुणोत्तर सु. ६१ डेसिबेलांच्या पुढे जात नाही. म्हणजे १६ बिटांचा महाग परिवर्तक घेऊन त्याला साधा आंदोलक जोडणे व्यर्थ ठरते.

एकचिप संदेशवहन मंडले : भ्रमणध्वनीच्या केंद्रांसाठी विकसित झालेल्या चिपांत मेलक, मिश्रक, आंदोलक व परिवर्तक हे सर्वच सामावलेले असतात. तथापि त्यांचा पल्ला त्यांच्या मूळ धंद्याशी बांधलेला असतो. २०१३ मध्ये आलेल्या ब्लेडआरएफ संचातील एलएमएस ६००२ डी ३०० मेगॅहर्ट्झच्या खाली उतरत नसल्याने त्याला व्हीएचएफसाठी वेगळे कंप्रता-परिवर्तन पत्र जोडावे लागे. एडी ९३६१ ही चिप ७० मेगॅहर्ट्झपासून ६ गिगॅहर्ट्झपर्यंत जाते, मात्र तिच्याच कुळातील एडी ९३६३ चा अधिकृत पल्ला ३२५ मेगॅहर्ट्झपासून सुरू होतो. मायकेल ऑसमन यांच्या हॅकआरएफमध्ये २.३ ते २.७ गिगॅहर्ट्झची चिप आहे व इतर कंप्रता दुसऱ्या मिश्रकाने तेथवर नेल्या जातात. त्यामुळे पल्ला विस्तृत होतो, पण परिवर्तक ८ बिटांचाच राहतो.

निवडीचे निकष : या अनुभवातून काही सर्वमान्य निकष सिद्ध झाले आहेत. पहिला पल्ल्याचा. चिपेच्या माहितीपत्रकातील कंप्रतेची खालची सीमा प्रथम पहावयाची, कारण ‘विस्तृत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक चिपा व्हीएचएफच्या वरच सुरू होतात. दुसरा बिटांचा. प्रत्येक बिटामागे गतिकीय पल्ला सु. ६ डेसिबेलांनी वाढतो. ८ बिटांस सु. ५०, १२ बिटांस ७४ व १६ बिटांस ९८ डेसिबेल असे आदर्श मूल्य येते. रुंद पट्टा घेऊन त्यातील अरुंद भाग गणिताने वेगळा केल्यास यात भर पडते. उदा., २४ लाख आय-क्यू नमुन्यांतून १२ किलोहर्ट्झचा संदेश काढल्यास सु. २३ डेसिबेलांचा लाभ होतो. स्वस्त ८ बिटी ग्राही उपयुक्त ठरतात, ते यामुळेच. परंतु शेजारच्या प्रेषकाने परिवर्तक एकदा भरून गेला, की हा लाभ मिळत नाही. अशा वेळी अधिक बिटांची चिप घेण्यापेक्षा ८८ ते १०८ मेगॅहर्ट्झ अडविणारा साधा छानक आकाशकापाशी बसविणे अधिक फलदायी व कमी खर्चाचे असते.

तिसरा निकष कंप्रतेच्या स्थैर्याचा. ५० दशलक्षांशाची चूक असलेला स्फटिक १४५ मेगॅहर्ट्झला सु. ७.२५ किलोहर्ट्झ चुकतो, तर एक दशलक्षांशाचा तापमान-प्रतिपूरित स्फटिक केवळ १४५ हर्ट्झ चुकतो. चौथा निकष हस्तकौशल्याचा आहे. जुन्या चिपांचे पाय डाखणीने सहज जोडता येत. नव्या चिपांचे पाय पोटाखाली असतात व एडी ९३६१ सारख्या चिपेला तर खाली बारीक गोळ्यांची जाळीच असते. अशी चिप घरी जोडणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पाचवा निकष पुरवठ्याचा. हौशी मंडळींची मागणी एवढी अल्प असते की, मूळ उद्योगाला गरज संपली म्हणजे चिपेचे उत्पादन थांबते. लिनिअर टेक्नॉलॉजी ही कंपनी २०१७ मध्ये ॲनलॉग डिव्हायसेसमध्ये विलीन झाली. जपानमधील नोबेओका येथे ऑक्टोबर २०२० मध्ये एका कारखान्यास लागलेल्या आगीमुळे ध्वनि-परिवर्तकांचा जगभर तुटवडा पडला. म्हणून अनुभवी रचनाकार एकाच चिपेवर सर्वस्वी विसंबून न राहता, तिच्या जागी दुसरी बसविता येईल अशी खंडशः रचना पसंत करतात.

भारतातील संदर्भ : भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी ६ या वाहकाने ‘हॅमसॅट’ हा हौशी रेडिओसाठीचा उपग्रह सोडला. तो १४५.९ मेगॅहर्ट्झच्या आसपास संदेश परत पाठवी व २०१४ पर्यंत कार्यरत होता. त्याचा सु. ६० किलोहर्ट्झचा संपूर्ण पट्टा ९६ किलोहर्ट्झच्या ध्वनिपत्राच्या कक्षेत बसत असल्याने अशा ग्राहीच्या पडद्यावर एकाच वेळी सर्व केंद्रे दिसू शकत. १३७ मेगॅहर्ट्झवर मेघांची चित्रे पाठविणारे अमेरिकेचे नोआ-१५, १८ व १९ हे उपग्रह २०२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत स्वस्त जोडणी व तारेचा आकाशक यांच्या साहाय्याने कोणालाही ग्रहण करता येत होते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० आकाशकांचा सर्वांत खालचा पट्टा १५० मेगॅहर्ट्झच्या आसपासचा होता. तिच्यासाठी २०१० च्या सुमारास सर्वसाधारण संगणकांच्या समूहावर चालणारी सॉफ्टवेअर प्रणाली उभारण्यात आली. गृहनिर्मित ग्राहीत व या दुर्बिणीत आकारमानाचा प्रचंड फरक असला, तरी नमुने घ्यावयाचे व उरलेले काम गणितावर सोपवावयाचे, हे तत्त्व दोहोंत समान आहे.

समारोप : सॉफ्टवेअर-रेडिओमुळे ग्राहीचे बहुतेक गुण आज्ञावलीत आले व आज्ञावली मुक्तपणे वाटता येऊ लागली, हा या इतिहासातील मोठा लाभ होय. मात्र जे गुण आज्ञावलीने दुरुस्त होत नाहीत, म्हणजे पहिल्या विवर्धकाचा गोंगाट, मिश्रकाची रेषीयता, आंदोलकाची शुद्धता व परिवर्तकाचे बिट, ते चिप निवडतानाच ठरून जातात. मिश्रकात निर्माण झालेले खोटे संदेश वा भरून गेलेल्या परिवर्तकाने गमावलेली माहिती कोणत्याही गणिताने परत मिळत नाही. त्यामुळे बाजाराने पुढे केलेली चिप घेण्यापूर्वी आपल्या गावातील प्रेषक, ऐकावयाचा पट्टा व आपल्या हाताची मर्यादा यांचा विचार करणे, ही आर्मस्ट्राँग यांच्या काळापासून चालत आलेली रेडिओ-कारागिरी या नव्या पद्धतीतही कालबाह्य झालेली नाही.